सारे स्वच्छ दिसले, तरी तुकडा कशाला?

‘तुकडा तपासायला पाठवला आहे’ हे वाक्य कानावर पडले की आपल्या काळजात धस्स होते. बायोप्सी म्हणजे कर्करोगाची शंका, हे समीकरण मोठ्यांच्या आजारांमुळे आपल्या मनात पक्के बसले आहे. म्हणूनच मुलाच्या एंडोस्कोपीनंतर डॉक्टर म्हणतात, “आतून सारे नीट दिसले, तुकडे तपासायला दिले आहेत,” तेव्हा आईवडील गोंधळतात. नीट दिसले, तर तुकडे कशासाठी?

याचे उत्तर दुर्बिणीच्या मर्यादेत आहे. तिला अस्तराचा पृष्ठभाग दिसतो: व्रण, सूज, रक्तस्राव. मुलांचे काही आजार मात्र पेशींच्या पातळीवर असतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच उघडे पडतात.

सीलिअ‍ॅक आजाराचे उदाहरण घ्या. यात गव्हातील ग्लूटेनमुळे लहान आतड्यातील रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, झिजतात. मूल खाते, पण अंगी लागत नाही. उंची खुंटते, रक्त वाढत नाही. गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात दाखवला. पुढे 1957 मध्ये गिळता येणारी क्रॉस्बी कॅप्सूल आली आणि शस्त्रक्रियेशिवाय आतड्याचा तुकडा मिळू लागला. आज ते काम एंडोस्कोपीतला चिमटा करतो. झीज सलग नसून ठिकठिकाणी असू शकते, म्हणून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून एक नव्हे, अनेक तुकडे घेतात: अगदी तोंडाशी किमान एक आणि त्यापुढे किमान चार.

अन्ननलिकेचेही तसेच. घास अडकणे, वारंवार उलट्या यांमागे इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस असू शकतो. अस्तर साधे दिसत असतानाही सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या दृश्यक्षेत्रात 15 किंवा अधिक इओसिनोफिल पेशी सापडल्या, तर निदानाला आधार मिळतो.

मोठ्या आतड्याच्या तपासणीत भारतात आणखी एक पेच आहे. क्रोन्सचा आजार आणि आतड्याचा क्षयरोग दुर्बिणीतून सारखेच भासू शकतात. क्रोन्सच्या उपचारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असतात. क्षयरोगात ती चुकून दिली, तर रोग पसरू शकतो. इथे तुकड्याची सूक्ष्मदर्शकीय आणि जंतूंची तपासणी औषधाची दिशा ठरवायला मदत करते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक कारण आहे. त्यांची एंडोस्कोपी बहुधा भूल देऊन करावी लागते. तुकडे न घेता बाहेर पडले आणि पुढे शंका उरली, तर पुन्हा उपास, पुन्हा भूल. तुकडा मात्र दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि चिमट्याची वेदना अस्तराला जाणवत नाही. धोका अगदीच नाही असे नाही: थोडे रक्त येते आणि क्वचित आतड्याच्या भिंतीत रक्त साकळते. म्हणून मुलाला किंवा घरात कोणाला रक्तस्रावाचा विकार असेल, तर आधीच सांगावे.

तरीही बायोप्सी हा विधी नव्हे. सीलिअ‍ॅकमध्ये रक्तातील टीटीजी-आयजीए प्रतिपिंडे सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असतील आणि दुसऱ्या नमुन्यातील ईएमए चाचणीनेही दुजोरा दिला, तर तुकड्याशिवाय निदान करता येते, अशी मुभा युरोपीय बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 पासून दिली आहे. उलट, तुकडा घ्यायचाच असेल, तर तो कोणत्या प्रश्नासाठी, हे पॅथॉलॉजिस्टला कळवायला हवे. लक्षणे न लिहिता पाठवलेल्या बाटलीतून अर्धेच उत्तर मिळते.

आईवडिलांकडून एक चूक नकळत होते. ‘पोळी बंद करून बघू’ म्हणत ते तपासणीआधीच मुलाला ज्वारी, बाजरी, नाचणी, भातावर ठेवतात. ही धान्ये ग्लूटेनमुक्त आहेत, त्यामुळे मुलाला बरे वाटते. पण रसांकुर सावरू लागतात, प्रतिपिंडे उतरतात आणि अहवाल फसवा येतो. निदान होईपर्यंत गहू थांबवू नये.

संमतिपत्रावर सही करताना तीन प्रश्न जरूर विचारावेत: कुठून तुकडे घेणार, कशाच्या शंकेने आणि अहवालाने उपचारात काय बदलेल? उत्तरे स्पष्ट असतील, तर त्या तुकड्याला भिण्याचे कारण नाही.