पहिला पॉलिफोनिक सिंथ: ‘खऱ्या ॲनालॉग’चा हट्ट किती खरा?

कॅसिओवर हात बसला, भीमजयंतीचे आणि गणपतीचे दोन-चार सीझन ऑर्केस्ट्रात काढले, की कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराला सिंथची ओढ लागते. पूर्णेत बसून ती ओढ भागवणं अवघड आहे. हात लावून बघायला चांगला पॉलिफोनिक सिंथ हवा तर देवगिरी नाहीतर नंदीग्राम पकडून मुंबई गाठायची. तोवर आधार व्हिडिओंचा आणि ऐकीव गोष्टींचा. त्यातून एकच वाक्य घोकलं जातं: घ्यायचा तर खरा ॲनालॉगच घे, व्हर्च्युअल ॲनालॉग म्हणजे नक्कल.

माझं मत याच्या उलट आहे. पहिला सिंथ घेताना ‘ॲनालॉग की व्हर्च्युअल’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारायचे प्रश्न साधे आहेत आणि पैसे बुडतात ते बहुतेक तिथेच.

‘सिंथ म्हणजे मोठा कॅसिओ’

या गैरसमजाची किंमत सर्वांत मोठी असते. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डमध्ये शहनाई, बासरी, सनई-चौघडा, व्हायोलिनचा ताफा हे सगळं असतं, कारण त्यात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने भरलेले असतात. रोलंडचा एक्सपीएस-१० आपल्याकडच्या मंचांवर इतका रुळला तो याचसाठी: भारतीय वाद्यांचे आवाज तयार मिळतात आणि बाहेरचे नमुनेही आत घेता येतात.

सर्किटमधून आवाज काढणारा ॲनालॉग काय किंवा तेच प्रोसेसरच्या गणितानं करणारा व्हर्च्युअल ॲनालॉग काय, या सिंथमध्ये शहनाई नसते. ढोलकीही नसते. असतो तो ऑसिलेटर, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा किंवा चौकोनी तरंग काढणारा भाग. त्यापुढे तो तरंग तासणारा फिल्टर, आणि आवाज कसा उठेल, किती टिकेल, कसा विरेल हे ठरवणारा एन्व्हलप. आवाज आपण घडवायचा. ज्याला उद्याच्या कार्यक्रमात वीस गाण्यांचे वीस तयार आवाज हवेत, त्यानं दोन्हींपैकी काहीच घेऊ नये. एक्सपीएससारखं यंत्रच त्याच्या कामाचं आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

‘पॉली लिहिलंय म्हणजे सगळं एकत्र वाजतं’

हार्मोनियमवर चार पट्ट्या दाबल्या की चार सूर येतात, पण भाता एकच. भाता जोरात ओढला की चारही सूर मोठे होतात. एकाला वाढवून दुसऱ्याला दाबता येत नाही. काही सिंथ असेच बांधलेले असतात: सूर अनेक, पण पुढचा फिल्टर सगळ्यांना मिळून एकच. त्यांना पॅराफोनिक म्हणतात. कोर्गचा १९८०च्या दशकातला पॉली-८०० हे ठळक उदाहरण: आठ सूर वाजतात, फिल्टर मात्र एकच. पुऱ्या अर्थानं पॉलिफोनिक सिंथमध्ये प्रत्येक सुराला स्वतःचा ऑसिलेटर, फिल्टर आणि एन्व्हलप असा पूर्ण संच मिळतो. त्या संचाला व्हॉइस म्हणतात.

आणि व्हॉइस किती, याला फार महत्त्व आहे. कोर्ग मिनीलॉगमध्ये चार आहेत. उजव्या हातानं तीन सुरांचा कॉर्ड आणि डाव्या हातानं खर्ज धरला की चार संपले. आता आवाज हळू विरणारा असेल तर पुढचा कॉर्ड दाबताच जुन्या कॉर्डचं शेपूट मध्येच तुटतं, कारण नव्या सुरांसाठी यंत्राला जुने हिसकावून घ्यावे लागतात. भक्तिगीतामागे संथ, पसरलेला पॅड वाजवायचा असेल तर हे तुटणं लगेच कानाला लागतं. तिथे सहा कमीच, आठ बरे. ॲनालॉगमध्ये प्रत्येक व्हॉइस म्हणजे बोर्डावरचा खराखुरा वेगळा सर्किट-संच असल्यामुळे व्हॉइस वाढले की किंमत वाढत जाते. व्हर्च्युअल ॲनालॉगमध्ये तेच काम प्रोसेसर गणितानं करतो. तेवढ्याच पैशांत म्हणूनच जास्त व्हॉइस मिळतात.

‘खऱ्या ॲनालॉगमध्ये कॉम्प्युटर नसतो’

याचं उत्तर मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्को तालावर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. रोलंडचा ज्युपिटर-८ हा पॉलिफोनिक सिंथ, टीबी-३०३ ही बेसलाइन आणि टीआर-८०८ हे तालयंत्र, एवढ्यावर ती उभी आहे. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांनी कान टवकारले.

ज्युपिटर-८ आला १९८१ मध्ये. आठ व्हॉइस, प्रत्येकात दोन ऑसिलेटर, ६१ पट्ट्या, वजन सुमारे २२ किलो. आवाजाचा मार्ग पूर्ण ॲनालॉग. तरीही कुठली पट्टी दाबली हे बघायला, ती कोणत्या व्हॉइसकडे द्यायची हे ठरवायला, ६४ आवाज लक्षात ठेवायला आणि ऑसिलेटर सुरात आणायला त्याच्यात मायक्रोप्रोसेसर होता. त्याआधी १९७८ मध्ये आलेल्या प्रॉफेट-५ मध्येही होता. १९८४ च्या ज्युनो-१०६ मध्ये तर एन्व्हलपसुद्धा प्रोसेसरच तयार करतो, आणि त्या ज्युनोला आज कुणी नकली म्हणत नाही. पॉलिफोनिक सिंथ सोयीचा आणि वापरण्याजोगा झाला तोच मुळी डिजिटल डोक्यामुळे.

त्या तबकडीकडे आणखी एका कारणासाठी बघावं. रागाची ओळ एका वेळी एकाच सुरानं चालते. तिथे आठ व्हॉइसपेक्षा सुरातून सुरात घसरत जाणं मोलाचं. कॉर्डपेक्षा मींडच हवी असेल तर पॉलिफोनिकच्या आधी ग्लाइड कसा आहे ते बघा. बेंडरचा पल्ला किती स्वरांपर्यंत वाढवता येतो तेही तपासा. ही सोय दोन्ही जातींत चांगली किंवा वाईट असू शकते. समान अंतरांच्या बारा स्वरांबाहेरचं स्वरांतर लावायचं असेल तर तेही जातीवर अवलंबून नाही. मिनीलॉग एक्सडी ॲनालॉग आहे, तरी त्यात स्वतःचं स्वरांतर भरता येतं.

‘आपल्या उन्हात ॲनालॉग बेसूर होतो’

यात तथ्य आहे, पण अर्धं. ज्या ऑसिलेटरचा सूर थेट व्होल्टेजवर ठरतो, तो व्हीसीओ. बऱ्याच सिंथमध्ये एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. हे घडवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा स्वभाव तापमानाप्रमाणे बदलतो, अंशाला साधारण ०.३३ टक्के. सप्तकाचे सेंट १२००, म्हणजे काहीच उपाय न केल्यास दर अंशाला सप्तकामागे ४ सेंटची चूक. एप्रिलमधल्या कार्यक्रमाचं साउंड चेक दुपारी ४२ अंशांत झालं आणि गाणी रात्री ३२ अंशांत सुरू झाली तर सप्तकामागे ४० सेंट, म्हणजे जवळपास पाव स्वर. त्यात प्रत्येक व्हॉइस आपापल्या परीनं सरकतो. आठ जण आठ वाटांनी गेले की कॉर्ड कॉर्ड राहत नाही.

म्हणूनच तापमानाप्रमाणे बदलून ही चूक उलट दिशेनं भरून काढणारा रोधक सर्किटमध्ये घालतात, आणि प्रोसेसर प्रत्येक ऑसिलेटर मोजून दुरुस्त करतो. चांगल्या व्हीसीओ सिंथला मंचावर चालू करून थोडा वेळ तापू द्यायचं आणि पहिल्या गाण्याआधी ट्यूनचं बटण दाबायचं, एवढंच पथ्य.

दुसरी जात डीसीओची. तिथे सुराची वेळ क्रिस्टल पाळतो. तरंगाचा आकार आणि पुढचा सगळा मार्ग मात्र ॲनालॉगच राहतो. ज्युनो-१०६, प्रॉफेट रेव्ह२, बेहरिंगरचा डीपमाइंड १२ हे असे. हे उन्हात हलत नाहीत. ‘ॲनालॉग बेसूर होतो’ म्हणणारा आणि ‘डीसीओ म्हणजे ॲनालॉगच नाही’ म्हणणारा, दोघंही चुकतात.

विजेचं थोडक्यात: आत येणारा दाब ॲनालॉग आणि व्हर्च्युअल ॲनालॉग दोन्हींत नियंत्रित होऊनच सर्किटला मिळतो, त्यामुळे जनरेटरवर ॲनालॉगच बिघडेल असं काही नाही. दाब फारच पडला तर दोन्ही बंद पडतील. परदेशातून जुना सिंथ आणणार असाल तर तो २३० व्होल्टचा आहे की ११० च्या आसपासचा, हे मागचं लेबल वाचून बघा. ११० चा थेट लावला तर जळेल.

‘व्हर्च्युअल ॲनालॉग म्हणजे नक्कल, कान फसत नाही’

स्टॉकहोमच्या क्लाव्हिया कंपनीनं १९९५ मध्ये लाल रंगाचा नॉर्ड लीड आणला, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. पुढच्याच वर्षी रोलंडच्या जेपी-८००० नं ‘सुपरसॉ’ दिला: एका पट्टीमागे किंचित वेगवेगळ्या सुरांचे सात करवती तरंग. आठ व्हॉइसच्या ॲनालॉग यंत्रात हे करायचं तर ५६ ऑसिलेटर लागतील. त्या आवाजानं ट्रान्सची एक पिढी घडली, आणि त्याला कुणाची नक्कल म्हणायचं?

खरा दोष दुसरीकडे आहे आणि तो समजून घ्यायला हवा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चालणाऱ्या यंत्राला २४,००० हर्ट्झच्या वरचं काही मांडता येत नाही. २,५०० हर्ट्झच्या करवती तरंगात त्याच्या सगळ्या पटींचे सूर असतात. अठरावा ४५,००० वर. नीट काळजी घेतली नाही तर तो मर्यादेवरून दुमडून ३,००० हर्ट्झवर येऊन बसतो. ३,००० ही २,५०० ची पट नाही, म्हणून तो मूळ सुराशी जमत नाही आणि वरच्या पट्ट्यांत काचेवर नख ओढल्यासारखी किरकिर येते. चांगले निर्माते तरंग आधीच मर्यादेत बांधतात किंवा गणित जास्त वेगानं करतात. स्वस्त किंवा जुन्या यंत्रांत ही किरकिर सापडते. ॲनालॉगमध्ये ती नसते. ॲनालॉगचा आवाज पुढे मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित केला तरी ती येत नाही, कारण मुद्रणाआधी वरचे सूर गाळले जातात. ‘शेवटी यूट्यूबवरच जायचंय, मग फरक काय’ हेही म्हणूनच पूर्ण खरं नाही.

मधल्या सप्तकांतला पॅड, बेस, ब्रासचा ठोका यांत मात्र चांगलं व्हर्च्युअल ॲनालॉग आणि ॲनालॉग यांतला फरक मंचासमोरच्या श्रोत्याला कळत नाही, असं मी ठामपणे म्हणेन. वादकाला तो जाणवतो तो मुख्यतः फिल्टर टोकाला नेऊन त्याची शीळ काढताना. त्यासाठी पहिल्याच सिंथला जास्तीचे पैसे मोजणं मला पटत नाही.

मग घ्यायचं काय

मंचावर उभं राहायचं असेल तर पूर्ण आकाराच्या पट्ट्या, शक्यतो ६१, निदान आठ व्हॉइस, आणि कीबोर्ड दोन भागांत वाटून डाव्या हाताला बेस व उजव्याला दुसरा आवाज देण्याची सोय हवी. या अटी पुऱ्या करणारं यंत्र आपल्या खिशाला बहुधा व्हर्च्युअल ॲनालॉगमध्ये परवडतं. घरी बसून आवाज घडवायला शिकायचं असेल तर पॅनेल बघा: फिल्टरला नॉब, एन्व्हलपला नॉब, सगळं समोर. मिनीलॉग इथे उत्तम, फक्त त्याच्या ३७ बारीक पट्ट्या चालणार असतील तर. मायक्रोकोर्ग २००२ पासून लोकप्रिय आहे, पण पाचच नॉबमध्ये सगळं दडलेलं असल्यामुळे शिकायला मी तो सुचवणार नाही. जुना ज्युनो-१०६ स्वस्तात मिळाला तरी जपून. त्याच्या व्हॉइसच्या चिप खराब होण्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि त्या दुरुस्त करणारा कारागीर जवळपास सापडणं कठीण.

प्रवासाच्या तिकिटाआधी एक काम घरीच करा. लॅपटॉपवर सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ टाका. हाही व्हर्च्युअल ॲनालॉगच वाजवतो. त्यात व्हॉइसची मर्यादा आधी चारवर ठेवून आपली नेहमीची गाणी वाजवा, मग सहावर, मग आठवर. आवाज तुटायचा कुठे थांबला तो आकडा लिहून ठेवा.

मग मुंबईत धोबी तलावच्या दुकानांत गेलात की तयार आवाजांची बटणं दाबत बसू नका. एक साधा करवती तरंग घ्या, फिल्टर पूर्ण उघडा, सगळ्यात वरची पट्टी दाबून बेंडर हळूहळू वर न्या. मूळ सूर वर चढताना मागे एखादा बारीक सूर उलटा खाली उतरताना ऐकू आला, तर ते यंत्र कितीही देखणं असलं तरी पुढच्याकडे वळा.