प्रौढपणीं पुन्हां विद्यार्थिदशा

प्रतिष्ठान नगरीच्या सातवाहन राजाची एक कथा 'कथासरित्सागरां'त आली आहे. जलक्रीडेच्या वेळीं राणीनें 'माझ्यावर पाणी उडवूं नका' असें संस्कृतांत सांगितलें. राजास त्यांतील संधि उलगडला नाहीं आणि त्यानें मोदक आणविले! राणी हांसली, राजा खजील झाला आणि भर प्रौढपणीं व्याकरण शिकावयास बसला. गुणाढ्यानें सहा वर्षें मागितलीं, शर्ववर्म्यानें सहा महिन्यांची प्रतिज्ञा केली, आणि त्यासाठीं 'कातंत्र' हें सुलभ व्याकरण अवतरलें. कथेचा ऐतिहासिक भाग असेल तेवढा असो. प्रौढास शिकण्यापूर्वीं लाज जिंकावी लागते, हें तिचें तात्पर्य मात्र खरें आहे. ती लाज घरच्या माणसांच्या हांसण्यांतून उपजते, हेंहि तितकेंच खरें. त्या हांसणाऱ्यांत मीहि एक होतों, म्हणून हा लेख.

मॅट्रिक आणि पुढें अध्यापक विद्यालयाचीं दोन वर्षें एवढ्या शिदोरीवर मीं छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. आमची धाकटी सून पदवीधर व बी. एड. झालेली. लग्नानंतर दहा वर्षें तिचीं प्रमाणपत्रें कपाटांत पडून होतीं. मुलगी तिसरींत गेल्यावर लहान मुलांची शिक्षिका व्हावें असें तिनें ठरविलें, परंतु ऑगस्ट २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्राथमिक वर्गांस शिकविण्यासाठीं बी. एड. ही पात्रता नव्हे. त्यासाठीं प्राथमिक शिक्षणाची निराळी पदविकाच हवी. तेव्हां वयाच्या चौतिसाव्या वर्षीं तिनें त्या दोन वर्षांच्या पदविकेस नांव घातलें. वर्गांतल्या बहुतेक मुली तिच्याहून चौदा-पंधरा वर्षांनीं लहान.

मीं जेवतांना म्हटलें, "सूनबाई, मोठ्या मुलांस शिकविण्याची विद्या घेतलीस, आतां बाराखडी शिकविण्यासाठीं पुन्हां शाळेंत जाणार?" सगळे हांसले. ती कांहीं बोलली नाहीं. पानांत वाढून झालें तशी आंत गेली.

तिला जें कळलें होतें तें मला छत्तीस वर्षांत कळलें नव्हतें. एके सायंकाळीं ती पाठाचें टांचण काढीत बसली होती. तिनें विचारलें, "मामंजी, 'त्रेपन्न' सांगितलें तर मूल ३५ कां लिहितें?"

"लक्ष नसतें म्हणून," मीं सांगितलें.

"नाहीं, मामंजी. लक्ष असतें म्हणूनच! कानांवर आधीं 'त्रे' येतो, म्हणून तें आधीं ३ लिहितें."

मी गप्प झालों. २०१९ सालीं 'बालभारती'च्या दुसरीच्या गणितांत 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असें वाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. त्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्या स्वतः गणितज्ञ होत्या. तरी मराठी बुडाली म्हणणाऱ्यांत मीहि होतों. संख्यावाचनाची रूढ रीत टाकावी असें आजहि माझें मत नाहीं. परंतु मराठींत एकक आधीं बोलला जातो आणि दशक आधीं लिहिला जातो; हा फेर मुलाला उलगडून दाखविला पाहिजे, हें मला कोणीं शिकविलें नव्हतें आणि मींहि शोधलें नव्हतें. सूनबाई दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, पांच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडून तो उलगडते. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. ह्या एका चुकीसाठीं मीं किती कोंवळ्या हातांवर पट्टी मारली असेल, ह्याचा हिशेब कोणत्या वहींत मांडावा?

लहान मुलांस शिकविणें हें मोठ्यांस शिकविण्याहून सोपें आहे, ही आपल्या पांढरपेशा घरांतली जुनी समजूत आहे. ती खोटी ठरविणारें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. अनुताई वाघ बालविधवा होत्या. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेंत नोकरी करीत होत्या. १९४५ सालीं, वयाच्या पस्तिशींत, त्या ती स्थिर नोकरी सोडून ताराबाई मोडकांकडे बोर्डीस गेल्या आणि बालशिक्षणाचे धडे नव्यानें गिरवूं लागल्या. मुलें शाळेंत येत नसतील तर शाळेनें त्यांच्या अंगणांत जावें, ह्या विचारांतून तेथें अंगणवाडी उभी राहिली; गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. शिकवून शिकवून अनुभवी झालेल्या बाईंनीं 'मला हें येत नाहीं' असें म्हटल्यावांचून हें घडलें नसतें.

आजचा मार्ग सोपा नाहीं. पदविकेंत शाळेंत जाऊन प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. नंतर शिक्षक पात्रता परीक्षा: दीडशे प्रश्न, दीडशे गुण, वेळ अडीच तास, खुल्या वर्गास साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण हवेत. त्यापुढें भरतीची निराळी परीक्षा, आणि खुल्या वर्गास सरकारी भरतीचें दार सामान्यतः अडतिसाव्या वर्षीं मिटतें. १ सप्टेंबर २०२५ रोजीं तर सर्वोच्च न्यायालयानें, निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि असलेल्या सेवेंतील शिक्षकांनींहि ही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी, असा निकाल दिला. म्हणजे पंचेचाळिशींतले गुरुजी व बाई पुन्हां पुस्तक घेऊन बसलेले अनेक घरांत दिसूं लागले.

अशा घरांस माझें एक सांगणें आहे. प्रौढ विद्यार्थ्याची बुद्धि मंद झालेली नसते. त्याचा वेळ मात्र इतरांच्या मालकीचा झालेला असतो. आमची सून पहाटे साडेचारला उठून अभ्यास करी, कारण साडेपांचनंतरचा तिचा प्रत्येक क्षण कोणाच्या ना कोणाच्या चहाचा, डब्याचा वा औषधाचा होता. घरानें तिला परवानगी दिली होती. वेळ दिला नव्हता. आणि वेळावांचून परवानगी म्हणजे भिंतीवर काढलेला दिवा.

पात्रता परीक्षेंत तिला शहाऐंशी गुण मिळाले. चार कमी पडले. निकाल पाहून ती देवघरापाशीं थोडा वेळ बसली आणि मग भाजी निवडावयास लागली. कोणीं हांसलें नाहीं. ह्या खेपेस मीच म्हटलें, "सूनबाई, ते चार गुण तुझे नव्हेत, ते आमच्या सायंकाळच्या स्वयंपाकांत गेले."

तेव्हांपासून आमच्या घरीं सायंकाळीं सहा ते नऊ तिची खोली बंद असते. भाजी चिरण्याचें काम माझ्याकडे आलें आहे, पोळ्या थोरली सून करते, आणि नातीचा अभ्यास तिची आजी खाटेवरूनच घेते. परीक्षा पुन्हां यावयाची आहे. निकाल काय लागेल तो लागो. परंतु परवा नातीनें मला 'त्रेपन्न' लिहावयास सांगितलें, आणि मीं आधीं पांच गठ्ठे मोजले.