लिंबावरचा खैऱ्या आणि आकसणारे प्रथिन

पावसाळ्यात कागदी लिंबाच्या झाडाची पाने उलटसुलट करून पाहिली, तर काहींवर तपकिरी, खडबडीत, भोवती पिवळे वलय असलेले ठिपके दिसतात. फांद्यांवर आणि फळांवरही ते असतात. शेतकरी या रोगाला खैऱ्या म्हणतात. आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण-पाचोडकडे आणि शेजारच्या जालन्यात मोसंबीच्या बागा आहेत. मोसंबीला खैऱ्या लिंबाइतका छळत नाही, पण सोडतही नाही. फळ आतून चांगले असते, रसात फरक नसतो. तरी खवल्यांचे फळ बाजारात मागे पडते आणि भाव घसरतो.

रोगाचे कारण झँथोमोनास सिट्री हा जिवाणू. तो आपल्याकडे जुनाच आहे. १८२७ ते १८३१ या काळात भारतात गोळा केलेले लिंबूवर्गीय झाडाचे नमुने इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पतिसंग्रहात आहेत आणि त्यांवरही हे डाग आढळले आहेत. पण आपल्याला येथे वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. पानावरचा खवला कोण तयार करतो? उत्तर थोडे चमत्कारिक आहे. तो झाडच तयार करते. जिवाणू फक्त तसा हुकूम सोडतो.

जिवाणू पर्णरंध्रातून किंवा जखमेतून पानात शिरतो आणि सुईसारख्या नलिकेतून आपली काही प्रथिने पेशीत टोचतो. त्यांपैकी एक थेट पेशीकेंद्रकात जाते, झाडाच्या डीएनएवर एलओबी-१ नावाच्या जनुकाच्या अगदी पुढ्यात बसते आणि ते जनुक चालू करते. हे जनुक रोगाला कारणीभूत असल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले. जनुक चालू झाले की पेशी फुगतात, वाढतात, वरची त्वचा फाटते आणि जिवाणू बाहेर पडतात. पुढचे काम पावसाचे थेंब करतात.

मोसंबीच्या डीएनएत पस्तीस-चाळीस कोटी अक्षरे आहेत. म्हणजे ए, टी, जी, सी या चार क्षारकांच्या तेवढ्या जोड्या. त्यांतून या परक्या प्रथिनाला नेमकी एकच जागा कशी सापडते?

या प्रथिनांच्या गटाला टाल प्रथिने म्हणतात. त्यांची रचना माळेसारखी असते. सुमारे ३४ अमिनो आम्लांचा एक मणी आणि असे मणी एकामागून एक. सगळे मणी जवळजवळ सारखे. फरक मुख्यतः १२व्या आणि १३व्या अमिनो आम्लांत. २००९ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे ओळखले, की या दोन आम्लांची जोडी म्हणजे एका क्षारकाचा पत्ता आहे. हिस्टिडीन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही जोडी सी ओळखते, अ‍ॅस्परॅजीन-ग्लायसीन टी ओळखते, अ‍ॅस्परॅजीन-आयसोल्यूसीन ए. एक मणी, एक अक्षर! लिंबाच्या जिवाणूतील अशा एका प्रथिनात साडेसतरा मणी आहेत. (शेवटचा मणी अर्धाच असतो, म्हणून साडे.) प्रथिन आणि डीएनए यांच्यात इतका सरळ हिशेब क्वचितच पाहायला मिळतो.

पण अक्षरे जुळली म्हणजे काम झाले असे नाही. खरी अडचण अंतराची आहे.

ही माळ सरळ नसते. ती मळसूत्रासारखी वळलेली असते आणि डीएनएच्या मोठ्या खोबणीतून त्याच्याभोवती फिरते. २०१२ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातील गटाने साडेअकरा मण्यांच्या अशाच एका प्रथिनाचे स्फटिक बनवले. काही स्फटिकांत प्रथिन एकटे होते, काहींत डीएनएला बिलगलेले. क्ष-किरणांनी दोन्हींची रचना काढली तेव्हा एकट्या प्रथिनाच्या मळसूत्राचा आटा, म्हणजे एका वेढ्याची उंची, ६० अँगस्ट्रॉम निघाला. डीएनएवर बसल्यावर तो फक्त ३५! (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.)

आता फळ्यावर थोडा भागाकार करू. एका वेढ्यात ११ मणी बसतात. म्हणजे मोकळ्या प्रथिनात दर मण्याला सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉम चढ. डीएनएत एका क्षारकजोडीपासून पुढच्या जोडीपर्यंतचे अंतर ३.४ अँगस्ट्रॉम. मोकळे प्रथिन तसेच ताठ राहिले तर दर पावलाला दोन अँगस्ट्रॉमची चूक होईल. दहा पावलांत वीस अँगस्ट्रॉम, म्हणजे अकरावा मणी आपल्या अक्षरापासून सहा अक्षरे पुढे गेलेला असेल. बिलगलेल्या अवस्थेत मात्र ३५ भागिले ११, म्हणजे ३.२. डीएनएच्या पावलाशी जवळजवळ पाऊल मिळाले.

वर्गात हे दाखवायला जाड तारेची सैल स्प्रिंग पुरे. एका लांब काठीवर समान अंतरावर खुणा कराव्यात, स्प्रिंगच्या प्रत्येक वेढ्यावर रंगाचा ठिपका द्यावा आणि ती काठीवर चढवावी. स्प्रिंग ताणलेली असताना एखादाच ठिपका खुणेवर येईल. हळूहळू दाबत आणली की एका क्षणी सगळे ठिपके एकदम जुळतात. मात्र विद्यार्थ्यांना सांगावे, की पेशीत दाबणारा हात नसतो. मणी आणि डीएनए यांच्यात जुळणारे बंधच प्रथिनाला आकसलेल्या अवस्थेत धरून ठेवतात.

एन्झाइम आणि त्याचा जोडीदार रेणू यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते, असे एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडले. शाळेत आजही बहुधा तेवढेच शिकवले जाते. १९५८ मध्ये डॅनिअल कॉशलँड यांनी त्यात दुरुस्ती सुचवली: जोडीदार भेटला की एन्झाइमचा आकार बदलतो. टाल प्रथिन हे त्याच विचाराचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण आहे. याउलट ई-कोलाय जिवाणूतील कॅप हे प्रथिन डीएनएलाच सुमारे ९० अंशांत वाकवते. कोणी किती वाकायचे हे जोडीगणिक बदलते. टालच्या बाबतीत डीएनए बहुतांशी सरळच राहते. २०१५ मध्ये एकेका रेणूवर केलेल्या प्रयोगांत असेही दिसले, की टाल प्रथिन डीएनएवरून सरकत शोध घेते आणि शोधाच्या व ओळखीच्या अवस्था वेगळ्या असतात.

एका अक्षराला एक मणी असल्याने अक्षरे बदलली की माळ नीट बसत नाही. हाच धागा पकडून २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी संत्र्याच्या एका वाणात एलओबी-१ च्या पुढ्यातली ती जागा क्रिस्पर तंत्राने बदलली आणि त्या झाडांत खैऱ्याचा प्रतिकार वाढला. पण जिवाणूच्या माळेतले मणीही पिढ्यांच्या ओघात कमीअधिक होतात, बदलतात. म्हणून हा उपाय किती वर्षे टिकेल, याबद्दल आम्ही तरी सावध आहोत.

बागेत आजही रोगट फांद्या छाटून जाळणे, पान पोखरणाऱ्या नागअळीचा बंदोबस्त करणे आणि ताम्रयुक्त औषध फवारणे हेच चालते. फवारणी नवी पालवी फुटताना, पावसाच्या आधी व्हावी लागते. तांबे पानाच्या पृष्ठभागावरच्या जिवाणूला मारते. पेशीकेंद्रकात जाऊन बसलेल्या प्रथिनापर्यंत ते पोहोचत नाही.