अंदमानचा बेत बोटीवरून ठरवा

अंदमानला पाच रात्री हाताशी असतील, तर तीन बेटांपुढे जाऊ नका. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), हॅवलॉक आणि नील एवढं पुरे. बेटं नकाशावर जवळ दिसतात, पण बोटीची वेळ, सामान, धक्क्यावरची रांग यांत अर्धा दिवस जातोच. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. हे मी आग्रहानं सांगते.

मे ते सप्टेंबर पावसाचा. जानेवारी ते एप्रिल उत्तम. इथं घड्याळ भारतीय, पण बेटं कितीतरी पूर्वेला. त्यामुळे हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हॅवलॉकवरचा राधानगरचा किनारा बघायचा तर दुपारीच निघा. पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल कोणत्या दिवशी बंद असतं, ते आधी विचारून घ्या. नाहीतर सावरकरांची कोठडी पाहायला येणारी मराठी माणसं दारावरूनच परततात.

स्कुबा करणार असाल, तर तो सुरुवातीलाच उरका. पाण्याखालच्या दाबानं रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर किमान १८ ते २४ तास विमान टाळायचं. आणि प्रवाळाचा तुकडाही पिशवीत टाकू नका, तो कायद्यानं गुन्हा आहे.