आधी बघायची अवजारं, मग कापायची



मागे एका बचत गटाच्या बैठकीत ऑपरेशनचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "टेबलावर झोपेपर्यंत मी धीट होते. पण शेजारी सिस्टरनी ट्रेमध्ये अवजारं मांडायला घेतली, तो खणखण आवाज ऐकला आणि हातपायच गार पडले." बाकीच्या बायांनीही माना हलवल्या. आम्ही विचारलं, त्या ट्रेमध्ये होतं तरी काय? एकीलाही सांगता येईना. जी वस्तू आपल्या अंगावर वापरली जाते, तिचं नावगावही आपल्याला ठाऊक नसतं. आमच्यातल्या दोघीतिघींनी दवाखान्यात सिस्टर म्हणून काम केलं आहे. म्हणून आज त्या ट्रेवरचं हिरवं फडकं बाजूला करून बघू या.

सुश्रुतसंहिता हा आपल्या देशातला शस्त्रक्रियेचा फार जुना ग्रंथ. त्यात अवजारांचे दोन भाग केलेत. बोथट ती यंत्रं, धारेची ती शस्त्रं. यंत्रं सांगितलीत १०१ आणि शस्त्रं फक्त २०. यंत्रांची नावंही ओळखीची: सिंहमुख, काकमुख, म्हणजे सिंहाच्या नाहीतर कावळ्याच्या तोंडासारखी. आणि सगळ्या यंत्रांत मुख्य यंत्र म्हणजे माणसाचा हात, असंही त्यात म्हटलंय. आजच्या ट्रेमध्येही हीच गत आहे. कापणारी अवजारं थोडी, धरणारी, सावरणारी आणि दाखवणारी जास्त.

पहिली कापणारी. यात सुरी आणि कात्री. सुरीला स्काल्पेल म्हणतात. तिची मूठ आणि पातं वेगवेगळं असतं. मूठ निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, पातं मात्र दर पेशंटला नवं. पात्यांना नंबर असतात. ११ नंबरचं पातं टोकदार असतं, ते गळू फोडायला बरं. १५ नंबरचं बारीक असतं, ते नाजूक कामाला. कात्र्याही वेगळ्या. दोरा कापायची वेगळी आणि आतलं नाजूक मांस सोडवायची वेगळी. आपण नाही का, कोथिंबिरीची विळी आणि उसाचा कोयता निरनिराळा ठेवत?

दुसरी धरणारी. ट्रेमध्ये सगळ्यात जास्त हीच. लांबून कात्रीसारखी दिसतात, पण त्यांना धार नसते. मुठीजवळ बारीक दाते असतात. दाबलं की टकटक करत ती अडकतात आणि हात सोडला तरी पकड सुटत नाही. त्या ताईंनी ऐकलेल्या आवाजात हा आवाजही असणार. आर्टरी फोर्सेप्स नावाचा चिमटा रक्ताची नळी दाबून रक्त थांबवतो. म्हणजे ज्या आवाजाला आपण घाबरतो, तो पुष्कळदा रक्त थांबवणाऱ्या चिमट्याचा असतो. बॅबकॉक नावाच्या चिमट्याला टोकाला दात नसतात. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात गर्भनलिका त्याने अलगद उचलतात, म्हणजे ती फाटत नाही.

तिसरी सावरणारी. यांना रिट्रॅक्टर म्हणतात. उलथन्यासारखी वाकडी आणि बोथट. सिझेरियनच्या वेळी डॉयन नावाचा रिट्रॅक्टर लघवीची पिशवी बाजूला धरून ठेवतो, म्हणजे तिला इजा होत नाही आणि डॉक्टरांना नीट दिसतं.

चौथी शिवणारी. नीडल होल्डर म्हणजे सुई धरायची सांडशी. सुई असते दुजेच्या चंद्रासारखी वाकडी. कातडी चिवट, म्हणून तिच्यासाठी धारेची सुई. आतला भाग मऊ, म्हणून त्याला गोल अंगाची. गोधडीची सुई आणि पोत्याचं दाभण जसं वेगळं, तसंच हे. दोरेही दोन तऱ्हेचे. काही आतल्या आत विरघळतात, काही नंतर काढावे लागतात. म्हणून घरी जाताना विचारायचं, "टाके काढायला यायचं का, आणि कधी?"

आता पाचवी जात, बघायची अवजारं. आजचं खरं बोलणं यांच्याविषयीच आहे.

आपल्या अंगावरून पांढरं जातं, पाळीत फार रक्त जातं, ओटीपोटात दुखतं. त्या वेळी आत बघायला जे अवजार लागतं ते स्पेक्युलम. एक प्रकार बदकाच्या चोचीसारखा उघडतो. दुसरा पळीसारखा वाकडा, त्याला सिम्स स्पेक्युलम म्हणतात. याची कहाणी दुःखाची आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत अलाबामा राज्यात सिम्स नावाचे डॉक्टर होते. बाळंतपणात अडून ज्यांची लघवी सतत गळायला लागली, अशा काळ्या गुलाम बायांवर त्यांनी भूल न देता पुन्हा पुन्हा ऑपरेशनं केली. आत बघण्यासाठी आधी चमचा वाकवून वापरला, त्यातून हे अवजार घडलं. त्या बायांपैकी तिघींची नावं आज माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. एकट्या अनार्कावर तीसेक ऑपरेशनं झाली. त्यांना "चालेल का" असं विचारणारं कुणी नव्हतं. आज आपल्याला विचारायलाच हवं. तो आपला हक्क आहे.

स्पेक्युलमने कापत काहीच नाहीत. थोडं अवघड वाटतं, लाज वाटते, पण मिनिटा-दोन मिनिटांत तपासणी होते. गर्भपिशवीच्या तोंडावर ॲसिटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी करतात. ३० ते ६५ वर्षांच्या बाईने दर ५ वर्षांनी ही तपासणी करावी, असं सरकारी कार्यक्रमात सांगितलंय. संशय वाटला तर बायोप्सी फोर्सेप्सने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन तपासायला पाठवतात.

एवढ्याशा तपासणीने काय होतं? आपल्या जामखेडच्या शेजारचा जिल्हा धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद. तिथे टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी ३० ते ५९ वर्षांच्या सव्वा लाखाहून जास्त बायांना घेऊन मोठा अभ्यास केला. काही गावांतल्या बायांची एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली. म्हणजे स्पेक्युलम लावून ब्रशने नमुना घेतला आणि गरज असेल तिला उपचार दिले. २००९ साली निष्कर्ष छापून आले. तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने या गावांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते.

आणि याच भागातली दुसरी बाजूही ऐका. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीडमधून दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग पाळीचा त्रास नको, कॅन्सरची भीती नको, म्हणून तरण्या बायाही पिशवी काढून मोकळ्या होतात. २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

आम्हाला अशी एक ताई भेटली होती. वय तिशीच्या आत. पांढरं जातं म्हणून एका डॉक्टरकडे गेली, तर पोटावरून सोनोग्राफी करून सांगितलं, "पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." आम्ही विचारलं, "आतून तपासलं का?" ती म्हणाली, "नाही." म्हणजे बघायचं अवजार हातात न घेताच कापायचं अवजार काढायची तयारी झाली होती. आम्ही तिला दुसऱ्या डॉक्टरताईंकडे नेलं. त्यांनी स्पेक्युलम लावून बघितलं, गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत ती बरी झाली.

पिशवी काढणं नेहमीच चूक, असं आम्ही म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधानं रक्त थांबत नसेल, अंग बाहेर येत असेल, तर ऑपरेशन जीव वाचवतं, त्रास संपवतं. पण विनाकारण काढली आणि सोबत अंडाशयही गेलं, तर पाळी एकदम बंद होते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात. मग तोच कोयता हातात पेलवत नाही.

आता स्वच्छतेविषयी. पूर्वी नाळ विळ्याने, नाहीतर हाताशी येईल त्याने कापायचे आणि धनुर्वाताने बाळं जायची. १९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा आणि नाळेला काही न लावणं, एवढ्यावर बाळं वाचतात. पुढे लसीची आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाची जोड मिळाली. २०१५ साली बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

दवाखान्यात अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. तो म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. १२१ अंश उष्णतेची वाफ ठरावीक वेळ दाबाखाली दिली की जंतू मरतात. गाठोड्यावर एक चिकटपट्टी असते. त्यावरचे फिके पट्टे वाफेतून निघाल्यावर काळे होतात. ऑपरेशन संपताना सिस्टर अवजारं, सुया आणि कापडाचे तुकडे मोजतात. आधी जेवढे, तेवढेच नंतर भरले पाहिजेत. पोट शिवण्याआधीचा हा हिशेब आपल्या गटाच्या वहीइतकाच चोख हवा.

तर मैत्रिणींनो, ऑपरेशन सुचवलं की चार प्रश्न विचारायचे. मला आतून तपासलं का? कुठला आजार निघाला, कागद दाखवता का? औषधानं होणार नाही का? नेमकं काय काढणार, आणि अंडाशय ठेवणार का? घाईचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. एकटीला धीर होत नसेल तर आशाताईंना किंवा गटातल्या एकीला सोबत न्यायचं.

पुढच्या बैठकीत तीस वर्षांवरच्या सगळ्या जणींची यादी करा आणि एक दिवस ठरवून तपासणीला मिळून जा. लाज सगळ्यांनाच वाटते, पण सोबत असली की ती कमी होते.

पुन्हा भेटू. नमस्कार!