शर्यत सहाला, कोंडी साडेपाचला

अमरावतीची हाफ मॅरेथॉन म्हटली की चर्चा होते 21.0975 किलोमीटरची. धावकाचा पहिला कस मात्र गाडी लावतानाच लागतो.

मोकळ्या रस्त्याच्या एका लेनवरून तासाला साधारण 1,800 मोटारी जाऊ शकतात. मैदानाच्या फाटकाशी मात्र प्रत्येक गाडी थबकते, काच खाली होते, ‘भाऊ, कुठं लावू?’ यात सहाच सेकंद गेले असं धरलं, तरी तासाला 600 गाड्या आत जातील. हजार गाड्यांना 1 तास 40 मिनिटं. आणि आपली मंडळी येणार शेवटच्या अर्ध्या तासात! म्हणून मैदान केवढं यापेक्षा फाटकं किती, हे आधी विचारावं.

दुसरी गोम मार्गाची. वाहनतळ शर्यतीच्या वेढ्याच्या आत असला, तर शेवटचा धावक जाईपर्यंत गाडी अडकलीच. जिल्हा रुग्णालयामुळे इर्विन चौकात तर रुग्णवाहिकेची वाट आधी आखायची, धावकांची नंतर.

गाड्याच कमी याव्यात, हा खरा उपाय. मुंबई मॅरेथॉनला पहाटे विशेष लोकल सुटतात. आपल्याकडे अकोल्याच्या धावकाला रेल्वे बडनेऱ्यापर्यंत आणते. पुढचे दहाएक किलोमीटर आयोजकांनी सांभाळायचे. चाळीस जणांची एक बस किमान दहा मोटारी वाचवते, म्हणजे मधल्या वाटांसकट अंदाजे 250 चौरस मीटर जागा. फक्त बस परतीलाही हवी. सकाळी नऊच्या उन्हात, पायात गोळे आलेल्या माणसाला ऑटोवाल्याशी घासाघीस करायला लावू नये.