जपानी कार्टून आणि परभाषेचे अध्ययन

जपानात वास्तव्यास गेलेल्या विद्यार्थ्याला एक अडचण लवकरच जाणवते. पाठ्यपुस्तकातील वाक्ये त्याला कळतात. परंतु दुकानात वा आगगाडीत कानी पडणारे बोलणे कळत नाही. अशा वेळी पुष्कळ जण मुलांच्या कार्टूनांकडे वळतात. हे साधन कितपत भरवशाचे आहे, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

'साझाए-सान' ही मालिका उदाहरणादाखल घेऊ. हासेगावा माचिको या चित्रकर्तीने १९४६ मध्ये वृत्तपत्रात सुरू केलेल्या चित्रकथेवरून ती निर्माण झाली आणि १९६९ पासून दूरचित्रवाणीवर चालू आहे. एका घरात नांदणाऱ्या तीन पिढ्यांचे दैनंदिन जीवन हा तिचा विषय. तिच्यात उक्ती आणि प्रसंग यांची सांगड असते. घराबाहेर पडणारा 'इत्तेकिमासु' म्हणतो. याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या मराठी माणसास हा प्रयोग कोशाविना उमगावा. अर्थ कळेल असे बोलणे कानी पडत राहिल्यानेच भाषा आत्मसात होते, हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांचे प्रतिपादन येथे आठवते.

तथापि या साधनाला एक मर्यादा आहे. भारतातही परिचित असलेल्या 'दोराएमोन'मध्ये नोबिता स्वतःस 'बोकु', दांडगा जियान 'ओरे' आणि शिझुका 'वाताशी' म्हणते. तिन्हींचा अर्थ 'मी' असाच. पण त्यांतून बोलणाऱ्याचा स्वभाव व ऐकणाऱ्याशी असलेले नाते व्यक्त होते. नोकरीच्या मुलाखतीत 'ओरे' म्हणणारा उमेदवार उद्धट ठरेल. तसेच कार्टूनातील वृद्ध शास्त्रज्ञ स्वतःस 'वाशी' म्हणतो आणि वाक्याच्या अंती 'दा'ऐवजी 'जा' योजतो. विद्यापीठातील प्राध्यापक मात्र सहसा तसे बोलत नाहीत. पात्राचा साचा दर्शविणाऱ्या अशा बोलीस 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकाभाषा, ही संज्ञा आहे. किन्सुई सातोशी यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले आहे.

लहान मूल थोरांना 'तू' म्हणाले, तर आई त्याला तेथल्या तेथे टोकते. प्रौढ परक्यास टोकण्याचा संकोच वाटतो. त्यामुळे त्याची चूक तशीच रुजते आणि लोक दूर का राहतात, हे त्याला उमजत नाही.

म्हणून कार्टून वर्ज्य करावे असे नव्हे. वाक्य टिपताना ते कोण कोणास म्हणाले, हेही टिपावे. 'साझाए-सान'मधील जावई मासुओ सासऱ्यांशी आदरार्थी रूपे वापरतो, तर छोट्या मेहुण्याशी मोकळेपणाने बोलतो. एकाच माणसाच्या तोंडची ही दोन रूपे शेजारी मांडून पाहिली, म्हणजे आदराचे व्याकरण स्पष्ट होऊ लागते. शब्दाबरोबर त्यामागील नातेही शिकणे, हेच परभाषेच्या अध्ययनाचे मर्म होय.